कमरेच्या आधाराचा सुटा संच: माल चांगला, माहितीपत्रक कामाचं नाही

गाडीच्या सीटच्या कडेचा कमरेच्या आधाराचा नॉब कितीही फिरवा, पाठीला काही जाणवत नाही, अशी तक्रार असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. बऱ्याचदा नॉब ठीकच असतो. पाठीच्या फोममागे तारांची लवचिक जाळी असते. नॉब फिरवून केबल ताणली की जाळी कमान धरते आणि कमरेला मागून आधार मिळतो. माझ्या सीटची केबल धडधाकट होती, ती जिथे अडकते तो प्लॅस्टिकचा आकडा तुटला होता.

नुसती केबलही मिळते, पण मी जाळी, केबल, नॉब असा अख्खा संच घेतला. कुठलाही एक भाग बदलायचा तरी सीट तेवढीच उसवावी लागते, मग जुनं प्लॅस्टिक आत कशाला ठेवायचं? जाळी चौकटीत बरोबर बसली, तारांच्या टोकांना धार नाही. केबलचं आवरण मात्र थोडं ताठ आहे, ते जबरदस्तीने वाकवू नका. केबल कुठून कशी जाते याचा फोटो आधी काढून ठेवलेला बरा.

राग आहे तो माहितीपत्रकावर. दोन चित्रं, आणि एअरबॅगबद्दल एक अक्षर नाही! बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. बॅटरीची ऋण तार काढून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं, मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवायचा. तो सुटा असताना इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि दोष मिटवायला स्कॅनर लागतो. हे छापायला कितीशी शाई लागली असती? तुमच्या सीटमध्ये एअरबॅग असेल आणि हात सरावलेला नसेल, तर सरळ सीटवाल्या कारागिराकडे द्या.

कव्हर खालच्या कडेला प्लॅस्टिकच्या पट्टीने अडकवलेलं असतं, ते सहज सुटतं. आतल्या हॉग रिंगा, म्हणजे कव्हर आत धरून ठेवणाऱ्या धातूच्या कड्या, कापाव्याच लागतात. नव्या रिंगा संचात नाहीत, त्या आणि त्यांची पक्कड वेगळी घ्या.

आधार आता खरंच लागतो, बेल्टच्या जरा वर. नॉब जुन्यापेक्षा जड फिरतो, माझी त्याला हरकत नाही.

बटण दाबल्यावर पंपाची घरघर येत असेल तर तुमच्या सीटमधला कमरेचा आधार हवेने फुगणाऱ्या पिशवीचा आहे (एअरबॅग वेगळी), तिथे हा संच चालणार नाही. पंप चालतो पण फुगवटा टिकत नसेल तर पिशवी मागवण्याआधी नळीचे जोड तपासा.