खडकाळ, दगडी की राकट? शिकागो विद्यापीठाच्या ऑनलाइन मराठी कोशांचा परिचय

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) विनामूल्य पाहता येतात. कोशाचा कस जवळजवळच्या अर्थांच्या विशेषणांवर लागतो, म्हणून खडकाळ, दगडी, खडबडीत, ओबडधोबड आणि राकट ही पाच विशेषणे घेऊन मी या सेवेची पारख केली.

संकेतस्थळाची सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे नोंदींच्या संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची. मोल्सवर्थने अर्थ इंग्रजीत दिले असल्यामुळे शोधचौकटीत ‘रॉकी’ किंवा ‘रग्ड’ हा शब्द रोमन लिपीत टाकला, की तो ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात आला असेल त्या नोंदी समोर येतात, आणि मूळचा मराठी–इंग्रजी कोश भाषांतरकारासाठी उलट दिशेनेही चालू लागतो. नोंदीसोबतच्या पृष्ठक्रमांकावरून त्या पानावरचे शेजारचे शब्दही चाळता येतात. खडकाळ शोधायला गेलेला माणूस खडा, खडी, खडबडीत असे करत बराच वेळ तिथेच रेंगाळतो, हा फायदा की तोटा ते ज्याचे त्याने ठरवावे.

मात्र निवड कोश करून देत नाही, ती आपल्यालाच करावी लागते. डोंगराळ, केसाळ यांच्याप्रमाणेच खडकाळमधला ‘आळ’ हा प्रत्यय विपुलता दाखवतो, त्यामुळे जमीन, किनारा, वाट खडकाळ असते; दगडात बांधलेले जोते किंवा दगडाचा पाटा मात्र दगडीच. खडबडीत हे पृष्ठभागाविषयी, तर ओबडधोबड हे न घडवलेल्या आकाराविषयी बोलते. इंग्रजीत कड्याला आणि म्हाताऱ्या खलाशाच्या चेहऱ्याला एकच विशेषण चालते, पण मराठीत ‘खडकाळ चेहरा’ लिहिले तर वाचक अडखळतो. तिथे राकट किंवा रापलेला हेच शोभते.

अशा ठिकाणी दाते-कर्वे अधिक कामी येतात, कारण त्यांच्या कोशात ग्रंथांतील अवतरणे आहेत आणि शब्द कोकणातला, गोव्याकडचा की वऱ्हाडातला हेही संक्षेपाने नोंदवलेले असते. ते संक्षेप मात्र नवख्याला कोडेच वाटतात, तेव्हा त्यांची यादी शेजारी उघडून बसावे. आजच्या वापराची वाक्ये दोन्हीकडे मिळणार नाहीत, आणि शाळकरी मुलांना झटपट एक अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थची भरगच्च नोंद त्यांना जड जाईल. मराठीत लिहिणाऱ्याने आणि विशेषतः मुद्रितशोधकाने मात्र हे दोन्ही कोश एकाच वेळी उघडे ठेवून वापरावेत.