व्हीपीएन काढून बसवलेली झीरो ट्रस्ट सेवा : दीड वर्षाचा अनुभव

आमच्या उद्योगसमूहात व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये आणणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या, जागी झीरो ट्रस्ट पद्धतीची प्रवेशसेवा घेऊन आता दीड वर्ष होत आले. कर्मचारी काही हजार, कार्यालये अनेक आणि अ‍ॅप्लिकेशन्स नवी-जुनी मिळून शेकड्यांनी, अशा ठिकाणी ती बसवणाऱ्या चमूत मी होतो. त्यामुळे ती वापरली आहे आणि तिच्यापायी इतरांची बोलणीही खाल्ली आहेत. पुरवठादाराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या वर्गातली कोणतीही सेवा घेण्याआधी तपासून पाहाव्यात अशा आहेत.

विश्लेषक जॉन किंडरवॅग यांनी फॉरेस्टर या संशोधन कंपनीत असताना २०१० मध्ये मांडलेला झीरो ट्रस्टचा मुद्दा एवढाच होता की, एखादी व्यक्ती किंवा यंत्र कंपनीच्या नेटवर्कच्या आत आहे म्हणून त्याच्यावर विश्वास टाकू नये. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने ऑगस्ट २०२० च्या ८००-२०७ या दस्तऐवजात त्याची मांडणी करून दिली : परवानगीचा निर्णय घेणारे पॉलिसी इंजिन वेगळे आणि तो निर्णय दारावर अमलात आणणारी चौकी वेगळी. सगळी यंत्रणा एका दमात बदलून हे साधत नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या पुरवठादाराच्या सादरीकरणात मात्र सगळे काही सहा आठवड्यांत उभे राहत होते. प्रत्यक्षात सहा आठवडे कोणते अ‍ॅप्लिकेशन कोणाच्या मालकीचे आहे, हे ठरवण्यातच गेले.

मूळ काम ही सेवा चोख करते, हे आधी सांगितले पाहिजे. व्हीपीएनमधून आत आलेल्या माणसाला सगळे नेटवर्क दिसत असे. आता खरेदी विभागातल्या माणसाला खरेदीचे अ‍ॅप्लिकेशन दिसते आणि बाकीचे सर्व्हर त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात. २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकी इंधनवाहिनी कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या, केवळ पासवर्डवर उघडणाऱ्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. आमच्याकडेही तशी खाती निघाली, आणि किती निघाली ते इथे न लिहिणेच बरे.

सर्वांत मोलाची वाटली ती निरीक्षणाची सोय. या अवस्थेत सेवा काहीही अडवत नाही. कोण कोणाशी बोलते याची फक्त नोंद ठेवते. दुसऱ्याच आठवड्यात दिसले की भांडार विभागातला एक संगणक रोज पहाटे २ वाजून १० मिनिटांनी पगाराच्या डेटाबेसला जोडला जातो. घुसखोरी समजून आम्ही धावलो. निघाला तो एका निवृत्त सहकाऱ्याने कधीकाळी लिहिलेला छोटा प्रोग्राम, ज्यात त्यांचाच पासवर्ड उघडा लिहिलेला होता आणि ज्याचा अहवाल कोणीही न उघडणाऱ्या मेलपेटीत नेमाने जाऊन पडत होता. सेवेने अडवणे सुरू करण्याआधी आम्ही निरीक्षण चार महिने चालू ठेवले. पुरवठादाराने सुचवले होते दोन आठवडे.

आता दोष. महिनाअखेरीचे हिशेब बंद करण्याच्या दिवशी लेखा विभागातल्या एका बाईंना त्यांच्याच अ‍ॅप्लिकेशनने बाहेर ठेवले. पडद्यावर मजकूर एवढाच : ‘प्रवेश नाकारला. प्रशासकाशी संपर्क साधा.’ प्रशासक मीच होतो आणि मलाही कारण दिसत नव्हते. तीन तास लॉग, म्हणजे सेवेच्या नोंदी, उपसल्यावर कळले की लॅपटॉपवरच्या एजंटने (लॅपटॉपची स्थिती सेवेला कळवणाऱ्या प्रोग्रामने) डिस्क एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक केलेला असल्याची, माहिती २६ तासांपूर्वी पाठवली होती आणि आमच्या नियमात मर्यादा २४ तासांची होती. लॅपटॉप निर्दोष, बाई निर्दोष, नियमही चुकीचा म्हणता येणार नाही. पण कारणाची एक ओळ दाखवली असती तर काम पाच मिनिटांचे होते. हल्लेखोराला माहिती मिळू नये म्हणून संदेश मोघम ठेवला आहे, हे पुरवठादाराचे उत्तर वापरकर्त्यापुरते मान्य आहे, प्रशासकाच्या पडद्याबाबत नाही.

सुरुवातीच्या नियमांनुसार दिवसातून अनेकदा मोबाइलवर मंजुरी मागितली जाई. परिणामी लोक न वाचता ‘होय’ दाबू लागले, आणि २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला मंजुरीच्या विनंत्यांचा भडिमार करून फसवले गेले ते नेमके याच सवयीच्या जोरावर. आम्ही अ‍ॅप्लिकेशनच्या जोखमीनुसार मंजुरी पुन्हा मागण्याच्या मुदती बदलल्या आणि प्रशासकांना फिडो२ या मानकाच्या हार्डवेअर किल्ल्या (ओळख पटवणारी छोटी उपकरणे) दिल्या. किल्ल्यांसाठीची सोय या सेवेत उत्तम आहे, सेटिंग सापडले की.

सर्व्हिस अकाउंटच्या, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम वापरतात त्या खात्यांच्या, बाबतीत सेवा कमकुवत आहे. माणसाची ओळख ती बारकाईने तपासते. दोन प्रोग्राममधला संवाद मात्र जवळजवळ आपल्यावरच सोपवते. सेवाच बंद पडली तर आत कसे जायचे, यावर तिच्या माहितीपुस्तिकेत अर्धे पान आहे. आपत्कालीन खाती आम्ही आमच्या पद्धतीने तयार केली. त्यांचे पासवर्ड बंद पाकिटात असतात आणि दर तिमाहीला ते उघडून चाचणी होते.

करार आम्ही एका वर्षासाठी वाढवला आहे. नकाराचे कारण प्रशासकाला दिसले पाहिजे आणि सगळे लॉग आमच्या ताब्यात काढून घेता आले पाहिजेत, या दोन अटी त्यात लेखी आहेत. जुनी आरेखन प्रणाली या सेवेमागे चालतच नाही, म्हणून अकरा जणांसाठी व्हीपीएन अजून सुरू आहे आणि त्याचा लॉग दर सोमवारी मी स्वतः वाचतो.