वाळवलेल्या रानकंदाच्या कापांतून झालेली आमची फसवणूक

रानातील कंद विकणाऱ्या एका विक्रेत्याने आम्हाला कोनफळाचे म्हणून वाळवलेले काप विकले आणि प्रत्येक कंद वेल पाहूनच खणला आहे, अशी खात्री दिली. त्याची भाजी खाल्ल्यावर घरातील दोघांच्या घशात जळजळ सुरू झाली, मग उलट्या व चक्कर आली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. जाब विचारल्यावर त्याने कबूल केले की, गोळा करणाऱ्यांनी आणलेले निरनिराळे कंद एकत्र सोलून वाळवले होते आणि वेल त्याने पाहिलीच नव्हती. तरीही "तुम्ही नीट शिजवले नसेल" असे म्हणून त्याने पैसे परत करण्यास नकार दिला.

खरी लबाडी सोलण्यात आणि कापण्यात आहे, कारण ओळखीच्या सगळ्या खुणा तिथेच नाहीशा होतात. कोनफळ आणि कडू करांदा हा रानटी कंद या दोन्हींची पाने हृदयाकृती असतात, दोन्ही वेलींवर हवेत कंद धरतात. परंतु कोनफळाचे खोड चौकोनी, कडांना पंखासारखी पट्टी असलेले आणि पाने बहुधा समोरासमोर असतात, तर करांद्याचे खोड गोल, पाने एकाआड एक आणि वेढ्यांची दिशा उलट असते. रानटी करांद्यातील डायोसबल्बिन हे विषारी द्रव्य यकृताला घातक ठरते. त्यांच्याच कुळातील डायोस्कोरिया हिस्पिडा ही तीन पर्णिकांची काटेरी वेल त्याहून भयंकर आहे. तिच्यातील डायोस्कोरिनमुळे झटकेही येऊ शकतात. हे द्रव्य पाण्यात विरघळते, म्हणून ती खाणारे लोक पातळ काप कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवतात. नुसते वाळवल्याने मात्र केवळ पाणी उडते, विष तसेच राहते, आणि एकदा उकळल्याने ते पुरते जाईल याचा भरवसा नाही.

म्हणून कंद अखंड आणि वेलीच्या पानाखोडासह मिळाला नाही, तर तो घेऊच नये. घेतलेला कंद कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवावा आणि दोन वेलींचे कंद कधीही एकत्र करू नयेत. प्रत्येकावर नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. कडवट लागलेला घास थुंकावा, पण कडवटपणा नसणे ही सुरक्षिततेची हमी मानू नये. कोणाला त्रास झालाच, तर उरलेले काप आणि भाजी फेकून न देता डॉक्टरांकडे घेऊन जावी.