१६ पिक्सेलांचा ळ: आठ महिने लोकांची मतं मागून झाल्यावर

गेल्या आठवड्यात ताईने माझ्या लेखातली शुद्धलेखनाची चूक दाखवायला स्क्रीनशॉट पाठवला. ‘पाणि’ लिहून बसले होते मी. ती सुधारली आणि सहज नजर स्क्रीनशॉटच्या वरच्या कडेला गेली. टॅबवर माझा जुना आयकॉन! पाच आठवड्यांपूर्वी मी काढून टाकलेला, ज्याला सगळे चष्मा म्हणत होते तोच. आणि नवा आयकॉन चढवला त्या संध्याकाळी “आत्ता कसं! आता एकदम नीट दिसतंय,” असं सगळ्यांच्या आधी कळवणारी हीच माझी ताई.

मग तिने कौतुक केलं ते नेमकं कशाचं?

त्या प्रश्नापायी हा सगळा खटाटोप. आयकॉन कसा करायचा ते इथे मिळणार नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ब्लॉगसाठी केलेल्या चार-पाच चिमुकल्या चित्रांवर आठ महिने लोकांची मतं मागितली, त्यातून काय हाती आलं आणि काय नुसतं डोक्यात गेलं, एवढंच लिहितेय.

चित्रं नेहमीचीच. टॅबवरचा फॅव्हिकॉन (पानाच्या नावाशेजारचं चिमुकलं चित्र), फोनच्या स्क्रीनवर ठेवायचा १८० पिक्सेलांचा आयकॉन, माथ्यावरची नावाची पट्टी, दुवा पाठवला की दिसणारं १२०० बाय ६३० चं चित्र, आणि लेख संपला हे सांगणारी शेवटची बारीकशी खूण. ब्लॉगच्या नावात ळ आहे, म्हणून ळ हेच चिन्ह ठरवलं. ठरवताना फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

पहिली मतं घरातून आणि ओळखीतून घेतली. चित्र मोठं करून पाठवलं, खाली लिहिलं, “कसं वाटतंय?” अकरा जणांना पाठवलं होतं. सात जणांनी “छान”, दोघांनी अंगठा, एकाने “फॉन्ट कुठला?” आणि एका काकांनी शुभेच्छा. यातून काय शिकायचं ते तुम्हीच सांगा. जरा टोकून विचारलं की सगळी गाडी रंगावर. कार्यालयीन कारभारावर लिहिणाऱ्या पार्किन्सनने १९५७ मध्ये लिहून ठेवलंय की अणुभट्टीला समिती चुटकीसरशी मंजुरी देते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांना कळते. माझ्याकडे तर अणुभट्टी नव्हतीच, पहिल्यापासून शेडच होती. अबोली रंग घेतला होता. कुणाला तो फिका वाटला, कुणाला गोड, कुणाला “बायकी”. (शेवटच्या मताला उत्तर दिलं नाही.) अखेर मोजणी केली तेव्हा कळलं की पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, अडीचास एकच्या आसपास भरतो. चित्रांतल्या अर्थपूर्ण भागांसाठी २०१८ च्या वेब सुलभतेच्या निकषांत किमान ३ ला १ सांगितलंय. दोन मिनिटांत मोजता येणाऱ्या गोष्टीवर मी तीन आठवडे लोकांची मतं गोळा करत होते. अबोली गेला, डाळिंबी आला.

मग मी पैसे मोजले. मुद्दाम सांगते, कारण मी सहसा मोजत नाही. ठरावीक मुदतीत तज्ज्ञांचा अभिप्राय देणारी एक सेवा आहे, नाव घेत नाही. मुदतीत अहवाल आला, चौदा पानी. पहिल्या चार पानांत माझ्या ब्लॉगचं ‘व्यक्तिमत्त्व’. पुढे माझा ळ कपावर, कापडी पिशवीवर, एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर. मी महिन्याला दोन लेख लिहिते हो, मला इमारत कशाला? आणि सातव्या पानावर मुख्य सूचना: “शिरोरेषा अधिक नाजूक केल्यास अक्षराला लालित्य येईल.”

मी केली नाजूक. पैसे दिले होते ना. मोफत मिळालेलं मत माणूस सोडून देतो, विकत घेतलेलं वसूल करतो.

इथे जरा थांबते, कारण माझं सगळं घोडं या शिरोरेषेपाशीच पेंड खातं. १६ पिक्सेल म्हणजे १६ आडव्या, १६ उभ्या रांगा, एकूण २५६ चौकोन. ३२ पिक्सेलांच्या चित्रात माझी शिरोरेषा ३ पिक्सेल जाड होती. ते चित्र निम्मं केलं की उरतात दीड. अर्धा पिक्सेल नावाची वस्तू जगात नाही. मग संगणक काय करतो, एक ओळ पूर्ण रंगाची काढतो आणि तिच्याखाली अर्धवट फिकी दुसरी फासतो. शिरोरेषा कळकट झाली, तरी होती. सेवेच्या सल्ल्याने मी ती ३ वरून १ वर आणली. निम्मं केल्यावर अर्धा. म्हणजे एकच ओळ, तीही धुरकट. टॅबच्या करड्या पट्टीवर ती गेलीच. वरची रेघ गेलेला ळ कसा दिसतो ते कागदावर काढून बघा. दोन गोल, मध्ये जोड, वर एक खुंट.

चष्मा.

सेवेला पत्र लिहिलं की तुम्ही हे खऱ्या आकारात पाहिलंत का? उत्तर आलं, अभिप्राय व्यक्तिनिष्ठ असतो. मी म्हटलं, रेघ दिसते की नाही यात व्यक्तिनिष्ठ काय आहे? पुन्हा उत्तर आलं, अहवाल उतरवून घेतल्यावर परतावा देता येत नाही. अशी पाच पत्रं इकडून, पाच तिकडून. सहाव्याला मी दमले. त्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर “एक तारा, तोही मुदत पाळली म्हणून” एवढंच लिहून मोकळी झाले असते.

तसं लिहिलं नाही ते बरं झालं, कारण पुढे मत थोडं बदलावं लागलं. दोनेक महिन्यांनी एका मैत्रिणीने गडद थीम लावली आणि म्हणाली, तुझ्या टॅबवर काहीच नाहीये. पारदर्शक पार्श्वभूमीवर डाळिंबी ळ, आणि टॅब काळा. अक्षर अंधारात बुडालं होतं. फोनवर त्याहून वाईट. तिच्या फोनने पारदर्शक जागा सरळ काळी भरून टाकली होती. तेव्हा अहवाल पुन्हा उघडला, तर अकराव्या पानावर, पिशवीच्या चित्राखाली, बारीक अक्षरांत एकच ओळ: गडद पार्श्वभूमीवर तपासून घ्यावे. लिहिलं होतं त्यांनी! चौदा पानांतली तीच एक ओळ कामाची, आणि ती मी इमारतीच्या रागात वाचलीच नव्हती. म्हणून आता दोन तारे. तिसरा मिळणार नाही, कारण कामाची ओळ अकराव्या पानावर पुरणं हाही गुन्हाच आहे. उपाय सोपा निघाला. डाळिंबी भरीव चौकोन, त्यात पांढरा ळ. मागची पट्टी काळी असो की पांढरी, अक्षराला फरक पडत नाही.

दरम्यान मी प्रश्न बदलला. “कसं वाटतंय?” बंद. चित्र खऱ्या आकारात दाखवायचं, तीन सेकंदांत काढून घ्यायचं आणि विचारायचं, “काय होतं?” उत्तरं अशी आली: चष्मा, चष्मा, आडवा आठ, घुबड, अनंताचं चिन्ह, सायकल, “काहीतरी कुलपासारखं”. ळ म्हणणारा एकच निघाला, आणि त्याला ब्लॉगचं नाव आधीच माहीत होतं. वाईट वाटलं, पण आठ महिन्यांतली सगळ्यात उपयोगी दहा मिनिटं तीच. “कसं वाटतंय” म्हटलं की माणूस तुमचं मन राखतो. “काय होतं” म्हटलं की बिचारा नुसतं दिसलं ते सांगतो.

किती जणांना विचारायचं, यावरही माझा गोंधळ होता. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यावर लिहिणाऱ्या याकोब नील्सनने २००० साली मांडलेलं गणित मी अर्धवट वाचलं होतं: पाच जणांवर चाचणी घेतली की साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. म्हणून रंगासाठीही पाच जण धरले, आणि पाच जणांनी सात मतं दिली. तो हिशेब वापरताना येणाऱ्या अडचणींचा आहे, आवडीनिवडीचा नाही. “काय दिसतं” या प्रश्नाला मात्र तो चपखल बसला. दुसऱ्या चष्म्यानंतर तिसऱ्याला विचारायची गरजच नव्हती.

माथ्यावरच्या नावाच्या पट्टीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक गोष्ट मात्र सांगते. एका वाचकाने लिहिलं, “तुमचा श हिंदी वळणाचा आहे.” मी आधी चिडले, मग झूम करून पाहिलं, तर खरंच. पट्टीतलं नाव चित्र म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवलं, पान मराठीत आहे असं कोडमध्ये सांगितलं. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय होती, त्यामुळे श आपोआप बदलला. ते मत न मागता आलेलं होतं, फुकट होतं, आणि मी ते जवळजवळ सोडूनच देणार होते. वर फुकट मतांबद्दल जे लिहिलंय ते याला लागू करू नका.

पुन्हा शिरोरेषा. शेवटी मी चौकटीची वही काढली. अ‍ॅपलच्या पहिल्या मॅकिन्टॉश संगणकाचे आयकॉन सुझन केअरने आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरूनच काढले होते, ३२ बाय ३२. १९८४ साली चाललं, मग मला का चालू नये? मोठं चित्र लहान करायचंच नाही, लहान चित्र लहानच काढायचं. पेन्सिल घेऊन बसले. डावीउजवीकडे दोन-दोन रांगा मोकळ्या, उरल्या बारा. गोलाची भिंत २, पोकळी ३, मधली भिंत २, पोकळी ३, भिंत २. बेरीज बारा! वरून खाली मोजलं: शिरोरेषा २, खुंट ३, गोल २ अधिक ३ अधिक २. पुन्हा बारा. खुंटही दोन चौकोनांचा, बरोब्बर मध्यावर. एकही अर्धा चौकोन नाही. ळ हे अक्षर जणू १६ च्या चौकटीसाठीच बेतलंय असं मला रात्री साडेअकराला वाटलं, आणि हे ऐकायला घरात कुणी जागं नव्हतं.

तोच आयकॉन चढवला पाच आठवड्यांपूर्वी. आयको (.ico) या आयकॉनच्या फाइलमध्ये १६, ३२ आणि ४८ ही तिन्ही मापं वेगवेगळी काढून भरली. सगळ्यांना कळवलं, दाद मिळाली, मी खूश. आणि मग तो स्क्रीनशॉट.

ब्राउझर फॅव्हिकॉन वेगळा जपून ठेवतात, आणि पान ताजं केलं तरी तो बदलेलच असं नाही. हे मला माहीत होतं. स्वतःच्या संगणकावर मी खासगी खिडकी उघडून पाहिलंही होतं. पण समोरच्या माणसाकडे जुनाच दिसत असेल, हे डोक्यात आलं नाही. ताईनंतर बाकीच्यांकडे टॅबचे स्क्रीनशॉट मागितले. नऊ आले. सहा जणांकडे चष्मा. म्हणजे नव्या चित्राला मिळालेल्या नऊ दादींपैकी सहा जुन्याला होत्या, त्याच जुन्याला ज्याला याच लोकांनी घुबड म्हटलं होतं. उरलेल्या तिघांपैकी दोघांचे स्क्रीन दाट पिक्सेलांचे. तिथे ब्राउझर १६ च्या जागी ३२ चं चित्र लावतो, म्हणजे माझी वहीतली मेहनत त्यांनी पाहिलीच नाही. ज्या शिरोरेषेसाठी मी एवढी झुरले, ती खऱ्या १६ पिक्सेलांत पाहणारा माणूस या घडीला जगात एकच सापडलाय. त्याचा संगणक जुना आहे आणि त्याला चित्रांत रस नाही.

तेव्हा आता शब्दांत मत मागणं मी बंद केलंय. स्क्रीनशॉट मागते. तोही फोटो म्हणून नाही, फाइल म्हणून. चॅटवर फोटो दाबून येतो आणि कडा आणखी पुसट होतात. फाइलच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा जोडला की ब्राउझरला ती नवी फाइल वाटते आणि तो मुकाट्याने पुन्हा आणतो. दुव्यासोबतच्या चित्रालाही हाच आजार आहे, तिथेही हाच आकडा. पाच आठवडे आणि एक ओळ.

पैशाची सेवा पुन्हा घेणार नाही. चौकटीची दुसरी वही घेतलीय, शेवटच्या खुणेसाठी. तिला आठच चौकोन आहेत, आणि त्यात ळ बसत नाही, हे कुणाला न विचारता कळलं.

काल रात्री आकडा चारवर नेला आणि ताईला म्हटलं, पान उघड आणि स्क्रीनशॉट पाठव, बाकी काही लिहू नकोस. पाठवला. डाळिंबी चौकोन, पांढरा ळ, वर दोन पिक्सेलांची सणसणीत शिरोरेषा. बाकी काही लिहू नकोस म्हटलं होतं, तरी खाली ओळ होतीच: “अगं, हे काय केलंस? माझा चष्मा कुठे गेला?”