चेक इंजिनचा दिवा विझवला जात होता, गाडी दुरुस्त होत नव्हती

माझी पेट्रोल गाडी थांबलेल्या अवस्थेत थरथरू लागली आणि दोन दिवसांनी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. पुढच्या महिनाभरात एका गॅरेजने माझी जी फसवणूक केली, ती तपशिलात लिहीत आहे, कारण ज्या अज्ञानामुळे मी फसलो ते अज्ञान बहुतेक गाडीमालकांचे असते.

पहिल्या भेटीत गॅरेजच्या माणसाने स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, पडद्यावर पी०१७१ हा कोड आला आणि त्याने लगेच सांगितले, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला." मी कोड वहीत लिहून घेतला, परंतु त्याचा अर्थ विचारला नाही. या कोडचा अर्थ इतकाच आहे की इंजिनातले मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण गाडीतला संगणक राखू पाहतो आणि ते बिघडल्याची खबर त्याला एक्झॉस्टमधला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या मार्गातला, प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडून मिळते. सेन्सरने बिघाडाची खबर दिली, याचा अर्थ सेन्सरच बिघडला असा होत नाही. माझ्या गाडीतला सेन्सर खरे तेच सांगत होता आणि तोच काढून टाकण्यात आला.

सेन्सर बदलल्यावर दिवा विझला. थरथर मात्र थोडी शिल्लक होती. त्याबद्दल विचारले असता "नवा सेन्सर आहे, संगणकाला शिकायला चार दिवस लागतील" असे उत्तर मिळाले. या उत्तरातले अर्धे खरे असल्यामुळेच ते पचले. स्कॅनरने कोड पुसला की दिवा त्याच क्षणी विझतो, त्याबरोबर अनेक गाड्यांत संगणकाने आत्मसात केलेल्या पेट्रोलच्या दुरुस्त्याही पुसल्या जातात आणि मिश्रणाचा दोष पुन्हा नोंदवण्यासाठी त्याला साधारणपणे गाडी चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत तो दिसावा लागतो. त्यामुळे एकही नट न फिरवता कोड पुसला, तरी गाडी काही दिवस बिनदिव्याची चालू शकते. माझा दिवा चौथ्या दिवशी परत लागला.

दुसऱ्या भेटीत पी०१७१ बरोबर पी०३०० हा कोडही होता. एकाच सिलिंडरमध्ये नव्हे, तर कधी या, कधी त्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत असल्याचे, म्हणजे पेट्रोल नीट न पेटल्याचे, तो सांगतो. गॅरेजने ठिणगी पाडणारे चारही स्पार्क प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या चारही इग्निशन कॉइल बदलल्याचे सांगून तसे बिल दिले. त्यावर तारीख आणि ओडोमीटरचे रीडिंग लिहिलेले होते. मी काढलेले जुने भाग मागितले नाहीत, ही माझी मोठी चूक होती. एखाद्याच कॉइलवर संशय असेल, तर ती शेजारच्या सिलिंडरवर लावून कोडही तिच्याबरोबर सरकतो का हे पाहता येते. मिसफायर सर्वच सिलिंडरमध्ये फिरत असेल, तर चारही कॉइल एकदम गेल्या असे मानण्यापूर्वी सर्वांना सामाईक असलेले कारण, म्हणजे हवा किंवा पेट्रोल, आधी तपासायला हवे. यातले काहीही झाले नाही.

आठवड्याभरात चढावर दिवा लुकलुकू लागला. मी फोन केला तेव्हा "काही होत नाही, चालवा" असे सांगितले गेले. हा सल्ला मला आजही सर्वांत जास्त खटकतो. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फरक आहे. लुकलुकणारा दिवा तीव्र मिसफायरचा इशारा असतो. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि तो अतितप्त होऊन कायमचा निकामी होऊ शकतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून गाडी हळू घ्यावी आणि लवकरात लवकर थांबवावी.

तिसऱ्या भेटीत मला सांगण्यात आले की, कोड पुसून गाडी रस्त्यावर फिरवून पाहिली, कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचे सांगणारा पी०४२० हा कोड आला, म्हणजे कन्व्हर्टरच संपला आहे. तो बदलण्याचा खर्च आधीच्या दोन्ही बिलांहून कितीतरी जास्त होता. जुना कन्व्हर्टर परत मिळणार नाही, हेही आधीच सांगून टाकले गेले. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते आणि जुन्या कन्व्हर्टरलाही भंगारात चांगला भाव येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी दोन दिवसांची मुदत मागून गाडी घेऊन आलो आणि ओळखीतून दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी कोणताही भाग उघडण्याआधी बराच वेळ स्कॅनरवरचे आकडे वाचले. कोड दोनच होते, पी०१७१ आणि पी०३००. पी०४२० कुठेही नव्हता. तो आधी येऊन पुसला गेला असेल का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हे दाखवणारी नोंद उघडली. तिथे २१२ किलोमीटर होते आणि दुसऱ्या भेटीच्या बिलावरचे रीडिंग वजा केल्यावर नेमके तेवढेच येत होते. म्हणजे तिसऱ्या भेटीत कोणीही कोड पुसलेला नव्हता, आणि पुसलेला नसताना पी०४२० येऊन नाहीसा होणे शक्य नव्हते. त्यानंतर त्यांनी प्लग काढले. बिलानुसार आठवड्यापूर्वी बसवलेल्या त्या प्लगांचे इलेक्ट्रोड झिजून गोल झाले होते आणि फट मोजणारी पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, घातल्यावर फट ठरलेल्या मापापेक्षा बरीच मोठी भरली. ते माझेच जुने प्लग होते, वरून पुसलेले.

मूळ दोष शोधायला त्यांना जेमतेम तासभर लागला. संगणक पेट्रोल किती वाढवतो आहे, हे सांगणारा फ्युएल ट्रिमचा आकडा आयडलिंगला, म्हणजे गाडी थांबून इंजिन चालू असताना, अधिक २२ टक्के होता, तर इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर (आरपीएम) नेल्यावर तो अधिक ६ टक्क्यांवर आला. कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत असेल तर असेच होते, कारण आयडलिंगला इंजिन एकूण हवाच थोडी घेते आणि चोरवाटेने येणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. इंजिनाचा वेग वाढला की तोच वाटा नगण्य होतो. त्यांनी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गात, धूर सोडला आणि सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागे, इंजिनाच्या खालच्या भागातून (क्रँककेसमधून) येणाऱ्या रबरी नळीच्या वळणावरून तो बाहेर येऊ लागला. इंजिन चालू करून ती नळी पक्कडीने दाबताच थरथर थांबली.

प्लगांचे फोटो, दोन्ही बिले आणि स्कॅनरच्या पडद्याचा फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. प्लग आणि कॉइल यांचे पैसे त्यांनी वाद न घालता परत केले, सेन्सरचे दिले नाहीत. तो खरोखर बदललेला असल्यामुळे माझ्या हातात पुरावा नव्हता. पहिल्या दिवशीच कोडबरोबर साठलेल्या फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीच्या इंजिनाच्या स्थितीचा, फोटो काढून ठेवला असता तर त्याबद्दलही बोलता आले असते. कोड पुसला की ती नोंदही जाते.

नळी आणि प्लग बदलून आता तीन महिने झाले आहेत. मिस्त्रींनी काम संपल्यावर मला लगेच पैसे देऊ दिले नाहीत. आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवून परत या, असे सांगितले. परत गेलो तेव्हा संगणकाच्या सर्व स्वयंचाचण्या पूर्ण झाल्याचे स्कॅनर दाखवत होता, एकही कोड नव्हता, आयडलिंगचा ट्रिम अधिक २ टक्क्यांवर आला होता, आणि मग त्यांनी बिल आणि फुटलेली नळी, दोन्ही माझ्या हातात दिले.