नाशिक हवं की लढाई? फ्लाइट सिम्युलेटरमधल्या उपग्रह-नकाशांची तुलना

ओझरवरून सुखोई उठला की पिंपळगावच्या द्राक्षबागेतला माणूसही मान वर करतो. त्यामुळे नाशिकचं पोरगं कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायला बसलं की पहिला हट्ट ठरलेला: ओझरहून उडायचं आणि खाली गंगापूर धरण दिसलं पाहिजे. हा हट्ट पुरवायचा तर खऱ्या उपग्रह-चित्रांची जमीन लागते. पण त्यात हात घालण्याआधी ठरवा, तुम्ही उडणार किती उंचीवरून?

दहा हजार फुटांवरून या चित्रांना तोड नाही. २०२० चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर बिंगच्या नकाशांची चित्रं इंटरनेटवरून ओढत राहतो. गोदावरीचं वळण, पांडवलेणीचा डोंगर, द्राक्षबागांचे चौकोन, सगळं जागच्या जागी. आपल्याला काही बांधावं लागत नाही. नेट अडखळलं की मात्र खालची जमीन चिखल कालवल्यासारखी होते. मुख्य अडचण वेगळीच: त्यात एफ-१८ हे लढाऊ विमान आहे, पण शस्त्र डागता येत नाही. लढायला आलेल्या माणसासाठी हे म्हणजे मिसळ मागवली आणि नुसते पाव आले.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी ऑर्थोफोरएक्सपी या फुकट साधनाने जमीन स्वतः बांधता येते. ती तुकड्यातुकड्यांनी बांधायची: अक्षांश-रेखांशाच्या एक अंश बाय एक अंशाचा तुकडा म्हणजे एक टाइल. इथे नाशिककरांची खास गंमत आहे. वीस अंशांचा अक्षांश आपल्या शहरातूनच जातो! ओझर आणि गंगापूर धरण वरच्या टाइलमध्ये; पांडवलेणी, देवळाली, त्र्यंबक खालच्या. एकच टाइल बांधलीत तर ओझरहून उठून नाशिकरोडला पोहोचेपर्यंत खालची जमीनच बदलते. तेव्हा बांधायच्या तर दोन्ही बांधा.

चित्र किती बारकाव्याचं हवं ते झूम लेव्हलने ठरतं. झूम लेव्हल १६ ला आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल साधारण सव्वादोन मीटरचा पडतो, १७ ला १.१ मीटरचा. एक पायरी चढलात की डिस्कवरची जागा चौपट. माझ्या हिशोबाने एका टाइलला १६ वर दीड, १७ वर सहा आणि १८ वर पंचवीस जीबीच्या आसपास लागतात. अख्खी टाइल १६ वर आणि फक्त शहर ते ओझर हा पट्टा १७ वर ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं. घरोघरच्या पाण्याच्या टाक्या मोजायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

आता खाली या. पाचशे फुटांवर चित्राचं पितळ उघडं पडतं. डोंगरांची उंची बहुतेकदा एसआरटीएम या उंचीच्या मोजणीवर बेतलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलने ११ दिवसांत रडारने केलेली ती मोजणी, आणि तिच्यात ३० किंवा ९० मीटरला उंचीची एक नोंद. ब्रह्मगिरीचा उभा कातळकडा त्यात नुसता उतार होतो आणि चित्र त्यावर ताणून चिकटवलेलं दिसतं. शिवाय चित्रं ढग नसतानाची निवडतात, म्हणजे श्रावणात अंजनेरीवरून उडलात तरी खाली वाळलेलं गवतच. सावल्याही चित्रातच छापलेल्या. असे उपग्रह बरेचदा सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात, त्यामुळे तुमच्या संध्याकाळीही जमिनीवर सकाळच असते.

प्रवासी विमानाला याने काही बिघडत नाही. पण लढाऊ विमान दरीत लपतं, झाडीआडून डोकावतं, कॅमेरा ताणून एकेक ट्रक शोधतं. त्याला दिसणाऱ्या जमिनीपेक्षा वागणारी जमीन लागते.

ती डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये मिळते. तिथले नकाशे ठराविक मुलखांचे, पण लढाईसाठी घडवलेले. झाडाला पंख लागला तर पंख जातो, पूल पाडता येतो, रणगाड्यांचा ताफा रस्ता धरून चालतो. काकेशस आणि मारियाना बेटं हे दोन नकाशे फुकट आहेत. नाशिक नाही, आणि आपण ते टाकूही शकत नाही, कारण नकाशे बांधायची साधनं सर्वांना खुली नाहीत. एक समाधान आहे: विकतच्या विमानांत मिग-२१ बिस आहे. याच जातीची विमानं ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात तयार झाली आणि हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ ला निरोप दिला. काकेशसवर का होईना, ओझरचं विमान उडवल्याचा आनंद मिळतो.

फाल्कन बीएमएस हा आणखी एक लढाईचा सिम्युलेटर फुकट आहे, फक्त १९९८ चा मूळ फाल्कन ४.० हा गेम जवळ हवा. कोरियातली त्याची सतत बदलणारी मोहीम अजून भल्याभल्यांना झोपू देत नाही. जमीन बघायला मात्र तिकडे जाऊ नका.

लढाईच हवी असेल तर मी डीसीएसच सांगेन. त्यासोबत सू-२५टी हे विमान फुकट येतं. महिनाभर तेच उडवा, पैसे आधी जॉयस्टिकवर घाला आणि मिग-२१ चं बघा नंतर. नाशिकच्या दोन टाइल एखाद्या रविवारी रात्रभर डाउनलोडला लावून द्या, शक्यतो घरातले झोपल्यावर.