'नवाकोरा' प्रोपेलर शाफ्ट आणि रंगाखालचं वेल्डिंग

मॉडिफाय केलेल्या पिकअपला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता पाइप) शोधत असाल तर हे वाचून मगच पैसे द्या.

माझी गाडी उंच करून घेतलेली आहे, गिअरबॉक्सही दुसऱ्या गाडीचा. त्यामुळे कंपनीचा पार्ट नंबर काही कामाचा नाही. ऑनलाइन एकजण भेटला. "साहेब, मापं पाठवा, नवा बनवून, बॅलन्स करून (म्हणजे फिरताना थरथरू नये म्हणून वजनं लावून) पाठवतो." पैसे मात्र सगळे आधी. गाडी चाकांवर उभी असताना माप घेतलंय की जॅकवर लटकवून, स्लिप योकला (शाफ्टचं आत-बाहेर सरकणारं टोक) आत सरकायला किती जागा ठेवायची (साधारण 25 मिमी लागतेच), यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. खरा कारागीर आधी हेच विचारतो.

शाफ्ट आला काळाभोर, चकाचक. लांबी बरोबर, पण मागचा क्रॉस (टोकाच्या सांध्यातला चार टोप्यांचा अधिक-चिन्हासारखा तुकडा) डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या, योकमध्ये (क्रॉस धरणारा दुबेळका) डुगडुगायला लागला. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तेव्हा उलगडा झाला. मी क्रॉसची 1330 सिरीज, म्हणजे त्याच्या मापाचा नंबर, स्पष्ट लिहिली होती, त्याने 1310 घातला होता. दोन्हींच्या टोप्यांचा व्यास 27 मिमीच, त्यामुळे टोपी आत जाते आणि सगळं जमल्यासारखं वाटतं. रुंदी मात्र 1310 ची 81.8 आणि 1330 ची 92.1 मिमी. फोन केला तर म्हणे, "वॉशर टाकून घ्या ना!" अहो, वॉशरवर क्रॉस मध्यावर राहील का? शाफ्ट केंद्र सोडून फिरेल आणि एक दिवस खाली गळून पडेल.

दोन सिरीज जोडणारा क्रॉस मिळतो, तो मी पदरचे पैसे घालून बसवला. वेग वाढला की सीट, स्टिअरिंग, सगळं थरथरायचं. शेवटी शाफ्ट उतरवून पाइपवरचा रंग खरवडला. मधोमध वेल्डिंगचा कडा निघाला! जुने दोन तुकडे कापून जोडलेले. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, तेही थोडे पिळलेले. आणि बॅलन्सिंगची म्हणून जी पत्र्याची वजनं होती, ती स्क्रू ड्रायव्हर लावताच निघून हातात आली. वेल्ड नव्हे, लांबी (पुट्टी) लावून चिकटवलेली. बॅलन्सिंग मशीन त्या शाफ्टने कधी पाहिलंच नसणार.

फोटो पाठवले. उत्तर आलं, "गाडी मॉडिफाय आहे, शाफ्टच्या सांध्याचा अँगल तुमचा चुकलाय, वॉरंटी नाही." त्यांची हीच पळवाट ठरलेली असते, कारण अशा गाडीत कुठलाही दोष मालकावर ढकलता येतो. अँगल मी मोजून दाखवला, पुढचा-मागचा सारखाच. त्यानंतर नंबर ब्लॉक.

तेव्हा क्रॉसची सिरीज, योकची रेषा आणि बॅलन्सिंगची चिठ्ठी हे आधीच लेखी घ्या. रंग मारण्यापूर्वीचा उघड्या पाइपचा फोटोही मागा. तो माणूस आता दुसऱ्या नावाने 'मॉडिफाय गाड्यांसाठी खास' म्हणून विकतोय. फोटो तेच जुने आहेत, मोठे करून बघितले तर पाइपच्या मध्यावर रंगाचा फुगीर पट्टा सरळ दिसतो.